टंक, टाकी आणि हिऱ्याचें पातें

टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही म्हण आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक आहे. तींत दगडानें सोसलेल्या घावांची आठवण आहे, टाकीनें सोसलेल्या घावांची नाहीं. वस्तुतः दगड घडत असतां टाकीही झिजत असते, बोथट होते, क्वचित् तिचा टवका उडतो, आणि संध्याकाळीं लोहाराच्या भात्यापुढें तिला पुन्हां जावें लागतें. जो दगड उरला त्याचा इतिहास आपण लिहितों. जें हत्यार झिजून गेलें त्याचा इतिहास लिहिण्यास साधनच उरत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बरोबर नाहीं. हत्याराची झीज दगडावर उमटलेली असते व ती अक्षरवटिकेप्रमाणें वाचतां येते. इतकेंच नव्हे, तर आजच्या काळांत ती वाचतां न आल्यास जुन्या दगडांचें प्रत्यक्ष नुकसान होतें. एवढें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे. या नुकसानींत प्रस्तुत लेखकाचाही हात आहे, म्हणून प्रथम ती हकीकत सांगतों.

१

वाशीम जिल्ह्यांतील अनसिंग हें गांव वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गांवाचें नांव शृंगऋषींशीं जोडण्याची परंपरा येथें आहे, परंतु त्या व्युत्पत्तीचा विचार हा येथील विषय नव्हे. भोंवतालचा प्रदेश काळ्या कातळाचा. घराचें जोतें, विहिरीचा कांठ, जातें, पाटा, उंबरठा, सर्व कांहीं त्याच पाषाणाचें. हा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा असून त्याच्या पोटांतील पोकळ्यांत ठिकठिकाणीं गारगोटी भरलेली असते. एकाच शिळेंत एक वीत कातळ एकसारखा लागतो आणि पुढच्या बोटभर जागेंत हत्यार गारगोटीवर आपटतें. येथील पाथरवटांस हें अनुभवानें माहीत आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं घराच्या पायऱ्या नव्यानें बसवावयाच्या होत्या. गवंडी हिऱ्याचें चार इंची पातें लावलेलें विजेचें यंत्र घेऊन आला. पहिल्या दिवशीं दोन दगड सुरेख कापले गेले. दुसऱ्या दिवशीं यंत्राचा स्वर बदलला. किंकाळीसारखा आवाज, ठिणग्या आणि जळका वास येऊं लागला, आणि पातें दगडांत उतरेना. पातें नवें होतें, म्हणून ज्यानें विकलें त्याला दोष देऊन झाला. मग गवंड्यानें पात्याच्या कडेवरून नख फिरविलें आणि म्हणाला, “गुर्जी, पातं चकाकलं. आता हे काटत नाई, नुस्तं घासते. याले एखादा भुसभुशीत गोटा पाह्यजे.”

तो गोटा दाखविणारा मीच. गोठ्याच्या कडेला एक जुना, खरबरीत दगड अर्धवट पुरलेला होता. शेणामातीचे थर बसून त्याला कांहीं रूप उरलेलें नव्हतें. माझ्या आजोबांच्या वेळेपासून तो तेथें होता व त्यावर बसून आम्हीं मुलांनीं उसाचीं कांडें सोललीं होतीं. गवंड्यानें त्यांत दोन खांचा घातल्या. पातें पुन्हां कापूं लागलें, आणि पायऱ्या तिसऱ्या दिवशीं पुऱ्या झाल्या.

पातें निवविण्यासाठीं ओतलेल्या पाण्यानें त्या दगडावरील कांहीं थर निघून गेला होता. संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत मला त्यावर एक वर्तुळ व त्याच्या शेजारीं एक कोर दिसली. मीं बादलीभर पाणी आणून दगड धुतला. वर सूर्यचंद्र, खालीं ढाल घेतलेला व उजवा हात उगारलेला पुरुष, आणि त्याच्याही खालीं मातींत गेलेली आणखी एक चौकट. तो वीरगळ होता. चंद्रसूर्य असेतोंपर्यंत या वीराची कीर्ति राहो, या अर्थानें वीरगळावर सूर्यचंद्र कोरीत असत. ताम्रपटांतील ‘यावच्चन्द्रदिवाकरौ’ ह्या वचनाचेंच तें चित्ररूप होय. दोन खांचांपैकीं एक त्या चंद्राच्या कोरीमधून आरपार गेलेली होती.

आयुष्यभर विद्यार्थ्यांस संस्कृत व इतिहास शिकविलेल्या मनुष्याच्या अंगणांत हें घडलें. त्यानंतर मनाला दोन प्रश्न लागले. पातें ‘चकाकतें’ म्हणजे काय होतें? आणि जुना भुसभुशीत दगड त्यावर औषध कसा होतो? त्यांचीं उत्तरें मला कांहीं पाथरवटांकडून व कांहीं पुस्तकांतून मिळालीं. आश्चर्य असें कीं, त्यांतील अर्धें उत्तर मीं स्वतः विद्यार्थिदशेंत वाचलेल्या एका संस्कृत ग्रंथांत होतें.

२

तो ग्रंथ म्हणजे वराहमिहिराची बृहत्संहिता. त्याच्या पंचसिद्धान्तिकेंत गणिताचा आरंभ शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ हा धरलेला असल्यानें त्याचा काळ सहाव्या शतकांत धरतात. बृहत्संहितेंतील दकार्गल नांवाचा अध्याय भूमीच्या पोटांतील पाण्याच्या शोधाविषयीं आहे, हें वाचकांस विदित असेलच. त्याच्या अखेरीकडे, विहीर खणतांना न फुटणारी शिळा लागल्यास काय करावें, याचे उपाय दिलेले आहेत. पळस व टेंभुर्णी यांच्या लांकडांनीं शिळा लाल होईपर्यंत तापवावी व तीवर सुधांबु शिंपावें, म्हणजे ती फुटते, हा त्यांपैकीं एक. सुधा म्हणजे येथें चुना कीं दूध, याविषयीं वाद होऊं शकेल. परंतु शिळा फुटण्याचें मुख्य कारण तापलेल्या दगडाचें एकाएकीं निवणें हेंच दिसतें.

यापुढील भाग आपल्या विषयाचा आहे. पाथरवटाच्या छिन्नीस तेथें टंक म्हटलें आहे. टंकास तेल चोळून रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची मषी आणि पारवा व उंदीर यांची विष्ठा यांचा लेप द्यावा, मग त्यास पाणी पाजावें व नंतर धार लावावी, म्हणजे दगडावर त्याचा विघात होत नाहीं, अशी पहिली कृति आहे. दुसरी कृति अशी कीं, केळीचा क्षार ताकांत कालवून एक दिवस ठेवावा, त्यांत लोखंड विझवावें व नीट पाजळावें. तें दगडावर भंग पावत नाहीं आणि अन्य लोखंडावरही त्यास कौण्ठ्य येत नाहीं. याच कृति त्या ग्रंथाच्या खड्गलक्षण अध्यायांत तलवारीसाठींही आल्या आहेत.

येथें दोन गोष्टी लक्ष्यांत घेण्याजोग्या आहेत. पहिली शब्दाची. तापलेलें लोखंड विझविण्यास संस्कृतांत ‘पान’ म्हटलें आहे, आणि आपला लोहार आजही टाकीला ‘पाणी पाजतो’. हा वाक्प्रचार मराठींत कोणी भाषांतरून आणलेला नाहीं. तो भात्यापुढें बापाकडून मुलाकडे आलेला आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ग्रंथकारानें भंग आणि कौण्ठ्य, म्हणजे तुटणें व बोथट होणें, हे दोन दोष निरनिराळे मानले आहेत. सामान्य मनुष्य दोहोंसही ‘हत्यार खराब झालें’ एवढेंच म्हणतो. कारागीर तसें म्हणत नाहीं, कारण एका दोषाचा उपाय हा दुसऱ्या दोषाचें कारण असतो. पोलाद लाल करून एकदम विझविलें तर तें कठीण होतें, धार टिकते, पण गारगोटीवर आपटतांच टवका उडतो. मऊ ठेविलें तर तुटत नाहीं, पण दहा घावांत बोथट होतें. म्हणून लोहार विझविलेल्या टाकीच्या अंगांत उरलेली धग टोंकाकडे येऊं देतो. टोंकावर पिवळा, मग जांभळा, मग निळा असे रंग क्रमानें धांवतात, आणि हवा तो रंग आला कीं तो टाकी पुन्हां पाण्यांत घालतो. कठीणपणा व चिवटपणा यांचा मध्य तो या रंगावरून साधतो.

शिंग व विष्ठा यांचा लेप वाचून हंसूं येण्याचें कारण नाहीं. बाराव्या शतकांतील थिओफिलस नांवाच्या युरोपीय ग्रंथकारानेंही कानस कठीण करण्यास जाळलेलें बैलाचें शिंग व मीठ यांचें चूर्ण सांगितलें आहे. अशा लेपानें तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागावरील कर्ब जळून जाण्यापासून वांचतो व थोडा नवा कर्बही त्यांत शिरूं शकतो, असा अर्थ आजच्या ज्ञानानें लावतां येतो.

आमच्या प्रदेशास या टंकाचें विशेष अगत्य असावयास हवें. वाशीम हें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होय, आणि १९३९ सालीं मिळालेल्या विन्ध्यशक्तीच्या ताम्रपटानें त्या शाखेचा इतिहास उजेडांत आला. त्याच शाखेंतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, असें तेथील शिलालेख सांगतो. अजिंठ्याचीं कांहीं लेणीं अपुरीं राहिलीं. तेथें भिंतीवर टाकीचे फटकारे आजही दिसतात. ते पाहणाऱ्यानें बृहत्संहितेंतील हा भाग अवश्य वाचावा. वराहमिहिर अवन्तीचा, म्हणून अजिंठ्याच्या लोहारांनीं हीच कृति वापरली असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांच्यापुढील अडचण हीच होती, आणि ती त्या काळीं किती नेमकी ओळखलेली होती हें या ग्रंथावरून कळतें.

३

आतां हिऱ्याकडे वळूं. हिऱ्यानें सर्व रत्नांवर व धातूंवर रेघ उमटते, हिऱ्यावर मात्र हिऱ्यावांचून कशानेंही उमटत नाहीं, हें ज्ञान बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेंत व गरुडपुराणांत आहे. रत्नपरीक्षेसह असे ग्रंथ लुई फिनो या फ्रेंच पंडितानें १८९६ सालीं एकत्र प्रसिद्ध केले. विदर्भासही हिरा परका नाहीं. बृहत्संहितेंत हिऱ्याच्या स्थानांत वेणा नदीचा तीर सांगितला आहे व कांहीं विद्वान ती वैनगंगा मानतात. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. तें वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यांत आहे.

दागिन्यापलीकडे हिऱ्याचा हत्यार म्हणून उपयोग आपल्याकडे फार जुना आहे. खंबायतचे मणिकार लोखंडी सळईच्या टोंकाशीं हिऱ्याचे दोन बारीक कण बसवून कमानीच्या सामत्यानें अकीकाच्या मण्यांस भोंकें पाडीत आले आहेत. हें तंत्र किती प्राचीन, याचा शोध गोरेलिक व ग्विनेट या दोन अमेरिकन संशोधकांनीं घेतला. त्यांनीं मण्यांच्या भोंकांचे आंतून ठसे काढून ते सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिले, भोंकांतील रेघांवरून हिऱ्याचें टोंक ओळखलें, आणि आपला निबंध १९८८ सालीं प्रसिद्ध केला. ग्रंथांत जें लिहिलेलें नव्हतें तें त्यांनीं हत्याराच्या खुणांवरून वाचलें, हें आपणांस लक्ष्यांत ठेवण्याजोगें आहे.

युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडक पोखरण्याच्या यंत्रास हिरे बसविण्यास आरंभ झाला. तरीही हिरा महाग असल्यामुळें तो पाथरवटाच्या हातीं येणें शक्य नव्हतें. १९५४ सालीं अमेरिकेंत कृत्रिम हिरा करण्यांत यश आलें आणि पुढें हिऱ्याची कणी वाटेल तितकी मिळूं लागली. आज अनसिंगसारख्या गांवांतील गवंडीही आपल्या पिशवींत हिऱ्याचें पातें बाळगतो.

४

या पात्यास करवतीसारखे दांत नसतात. मध्यें पोलादाची पातळ चकती, आणि तिच्या परिघावर धातूच्या भुकटीचा एक कडक थर किंवा तुकडे. कोबाल्ट, कांसें, लोखंड अशा धातूंच्या त्या भुकटींत हिऱ्याचे कण मिसळून दाबून भाजलेले असतात. पातें दगड चिरीत नाहीं, घासून त्याची पूड करतें. काम करतां करतां हिऱ्याचे वरचे कण गुळगुळीत होतात किंवा फुटतात. त्याच वेळीं भोंवतालचा धातु झिजला तर ते निकामी कण गळून पडतात व खालचे नवे कण वर येतात. येथेंच टाकी व पातें यांतील मुख्य भेद आहे. टाकी झिजूं नये म्हणून लोहार खटपट करतो. पातें मात्र झिजलेंच पाहिजे, आणि योग्य वेगानें झिजलें पाहिजे. एका वृद्ध पाथरवटानें हें मला एका वाक्यांत सांगितलें: “गोटा कठीण त पातं नरम घ्या, गोटा नरम त पातं कठीण.” नरम म्हणजे ज्याचा धातु लवकर झिजतो तें.

आतां वैद्यकांतील निदानाच्या रीतीनें या पात्याचे रोग क्रमानें सांगतों.

पहिला रोग चकाकी. पात्याची कड नखाला गुळगुळीत लागते, आवाज किंकाळीसारखा येतो, पातें तापतें आणि उतरत नाहीं. कारण असें कीं, कठीण व दाट दगडाची पूड धातूस पुरेशी घासत नाहीं. धातु जागच्या जागीं राहतो व वरचे हिरे झिजून गुळगुळीत होतात. आमचा काळा कातळ नेमका याच जातीचा. हातयंत्राचा वेगही यांत भर घालतो. ११० मिलिमीटर व्यासाचें पातें मिनिटास १२,००० फेरे घेत असेल तर त्याच्या परिघाचा वेग सेकंदास सुमारें ६९ मीटर होतो. मोठ्या यंत्रावर ३५० मिलिमीटरचें पातें १,५०० फेऱ्यांनीं फिरतें, त्याचा वेग अवघा साडेसत्तावीस मीटर. अति वेगानें व हलक्या हातानें कठीण दगड घासला कीं चकाकी येते. उपाय दोन. तात्पुरता उपाय म्हणजे खरबरीत वस्तूंत पांच सात उथळ खांचा घालून धातु झिजविणें. यासच पातें उघडणें म्हणतात. कायमचा उपाय म्हणजे अधिक नरम धातूचें पातें घेणें.

दुसरा रोग याच्या उलट, अति झीज. वाळूचा दगड, वीट, ताजें काँक्रीट यांत नरम पातें वापरलें, किंवा पाणी कमी पडलें, तर धातु भराभर जातो आणि धड हिरेही गळून पडतात. चकाकीवर उपाय म्हणून केलेली घासणी प्रमाणाबाहेर गेली तरी हाच परिणाम होतो. भंग व कौण्ठ्य यांविषयीं जें वर म्हटलें तेंच येथें निराळ्या रूपानें पुन्हां येतें.

तिसरा, पोखर. खरबरीत पूड कापाच्या तळाशीं सांचून राहिली कीं ती हिऱ्याच्या तुकड्यांखालचें पोलाद खाऊं लागते. वरून पातें शाबूत दिसतें आणि एके दिवशीं तुकडा सुटून गोळीसारखा उडतो. पूड वाहून जाईल इतकें पाणी दोन्ही बाजूंनीं सोडणें हा त्याचा उपाय.

चौथा, तुकडा निखळणें. पोखर हें त्याचें एक कारण. दुसरें उष्णता, तिसरें कापतांना दगड हलणें किंवा पातें वांकडें दाबलें जाणें. निळसर डाग दिसल्यास पोलाद जाळलें असें समजावें. हिराही सुमारें ७०० अंशांपुढें हवेंत टिकत नाहीं.

पांचवा, चकतीस तडा. दोन तुकड्यांमधील खांचेपासून मध्याकडे केसासारखी रेघ निघते. अति दाब, जडलेला थकवा, किंवा चकाकलेलें पातें बळेंच रेटणें ही कारणें. यास उपाय नाहीं. असें पातें तत्काळ टाकून द्यावें. डाक लावून किंवा ‘एवढा एक दगड’ म्हणून तें वापरणारा आपला डोळा पणास लावतो.

सहावा, वर्तुळ बिघडणें. आंसाचें बेअरिंग ढिलें किंवा भोंक मोठें झालें कीं पातें एका बाजूनें अधिक झिजतें व दगडावर ठोके देतें. पातें बदलून हा दोष जात नाहीं, कारण तो यंत्राचा आहे. हातयंत्रावर बदलतांना आणखी एक गोष्ट पाहावी. प्रत्येक कणाच्या पाठीमागें धातूचें एक शेपूट उरतें व तें त्या कणास आधार देतें. पातें उलट्या दिशेनें बसविलें तर तो आधार जातो व कण निखळतात. म्हणून चकतीवरील बाणाकडे लक्ष्य द्यावें.

या सर्व रोगांत पाणी हें सामान्य औषध आहे, आणि तें केवळ पात्यासाठीं नव्हे. वाळूचा दगड, ग्रॅनाइट, अकीक यांच्या कोरड्या पुडींतील सिकता फुप्फुसांत बसते व तेथून निघत नाहीं. खंबायतच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिसनें किती घरें उजाड केलीं हें प्रसिद्ध आहे. पात्याच्या झिजेचा विचार करणाऱ्यानें तें धरणाऱ्याच्या छातीचाही विचार करावा.

५

हें सर्व कारागिराचें ज्ञान झालें. संशोधकास त्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. पोथीचें पान हातीं आलें कीं आपण शाई, बोरू, कागद, मागाहून घातलेल्या दुरुस्त्या पाहतों. दगडाच्या बाबतींत मात्र आपण अक्षर व मूर्ति पाहून थांबतों, आणि मागाहून झालेला घाव मूळचा समजण्याचा धोका पत्करतों.

टाकीचा फटकारा आंखूड असतो, त्याची खोली व दिशा हातागणिक बदलते, आणि टाकीचा टवका उडालेला असला तर प्रत्येक फटकाऱ्यांत तीच बारीक रेघ पुन्हां पुन्हां येते. शस्त्रास धार लावून पडलेली खांच होडीच्या तळासारखी, मधें रुंद व टोंकांस निमुळती असते, आणि तिचे कांठ गुळगुळीत असतात. पात्याची खांच रुंदीस सर्वत्र सारखी, कांठास तीक्ष्ण, आणि तिच्या भिंतींवर एकाच त्रिज्येच्या कमानीसारख्या बारीक रेघा असतात. पातें सरळ खालीं उतरवून वर उचललें असेल तर खांचेचा तळही वर्तुळाचा खंड असतो.

या शेवटल्या खुणेवरून पात्याचा व्यास काढतां येतो, आणि त्यासाठीं नव्या गणिताची गरज नाहीं. शके १०७२ च्या भास्कराचार्यांच्या लीलावतींत ज्या व शर यांवरून व्यास काढण्याची रीति आहे. ज्येच्या अर्ध्याचा वर्ग शरानें भागून भागाकारांत शर मिळविला कीं व्यास येतो. वीरगळाच्या चंद्रावरील खांच मोजली. लांबी ६६ मिलिमीटर, ती ज्या. सर्वांत अधिक खोली ११ मिलिमीटर, तो शर. ३३ चा वर्ग १०८९, त्यास ११ नीं भागून ९९, त्यांत ११ मिळवून ११०. गवंड्याच्या नव्या पात्याचा व्यास तेवढाच. झिजलेलें पातें असतें तर उत्तर थोडें कमी आलें असतें. ज्या हातानें हा घाव झाला तो मला ठाऊक असल्यानें येथें पडताळा मिळाला. इतर गांवीं, जेथें सांगणारा कोणी उरलेला नाहीं, तेथें हीच रीति साक्ष देईल.

अशा खांचा पुष्कळ ठिकाणीं असण्याचा संभव आहे. पातें उघडण्यास खरबरीत दगड लागतो, आणि गांवांत बेवारस, झिजलेला, खरबरीत दगड बहुधा जुनाच असतो. देवळामागें पडलेला द्वारशाखेचा तुकडा, पारावरचा सतीचा दगड, विहिरीच्या कांठीं उलटा घातलेला वीरगळ. एकमेकांशेजारीं समांतर पांच सात रेघा पाहून कोणी त्या अंकचिन्हें किंवा अज्ञात लिपि समजेल, ही भीति अगदींच पोकळ नाहीं.

म्हणून हस्तलिखितांच्या व शिळांच्या संग्राहकांस तीन विनंत्या आहेत. शिलालेखाचा ठसा घेतांना अक्षराबाहेरील खांचांचीही लांबी, रुंदी व खोली टिपावी. गांवीं गेल्यावर पाटलाप्रमाणेंच गवंड्यासही भेटावें. कोणता दगड कोठून कोठें गेला हें त्याला अधिक ठाऊक असतें. आणि त्याला जुन्या दगडांविषयीं केवळ उपदेश न करितां एक नवी वीट किंवा सहाणेच्या मोडक्या चाकाचा तुकडा द्यावा. पातें त्यानें तितकेंच चांगलें उघडतें. उपदेश विसरला जाईल, वीट त्याच्या पिशवींत राहील.

असो. तो वीरगळ आतां गोठ्याजवळून काढून ओसरीच्या भिंतीशीं उभा केला आहे. मातींत गेलेली खालची चौकट मोकळी झाली. तींत गाई व त्यांच्यामागें धांवणारीं माणसें आहेत, यावरून हा वीर गोधनासाठीं झुंजून पडला असावा. लेख नाहीं, नांव नाहीं. चुना भरून खांच बुजवावी असें कांहींनीं सुचविलें, परंतु दुसरी लबाडी करावीशी वाटली नाहीं. चंद्रावरील व त्याखालील या दोन्ही खांचा आमच्याच काळांतील असून त्या प्रस्तुत लेखकाच्या अज्ञानानें पडल्या आहेत. पुढील संशोधकाची दिशाभूल होऊं नये, म्हणून ही नोंद येथें करून ठेविली आहे.